उथळ डबा

ऐनावरचा कोश, सुपारीसारखा टणक,
मी बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता
हर्णैला, बर्फाच्या कारखान्यात.

पंख म्हणे आधीपासूनच असतात.
अळी पाला कुरतडत असते तेव्हाही,
कातडीखाली, मोहरीहून बारीक घड्या.
सकिनाने सांगितलं. तिची बारावी चालली होती.

पहाटे पतंग बाहेर आला, ओला,
पंख विडीच्या भिजल्या पानासारखे.
त्याला लटकायला उंची लागते,
मग अंगातलं पाणी शिरांत उतरतं
नि पंख आपल्याच वजनाने उलगडतात.

डबा उथळ.
मी बर्फ फोडत होतो, होड्या लागल्या होत्या.

सातला पाहिलं:
पंख वाळलेले, डब्याच्या कडेचं वळण घेऊन.

ऐनाशी नेऊन सोडला.
तो चालत वर गेला.