कानाची खूण

शुक्रवारी भोपाळहून अहवाल आला, दोन ओळींचा.
एकीत रोगाचं नाव, दुसरीत सही.
आम्ही नकाशावर परकार टेकवला
शेळगीच्या नाल्याकाठी, जिथं
यल्लव्वा अलकुंटेची थोरली मादी
पहिली पडली होती, कान जांभळे करून.
एक किलोमीटर. आतलं एकही ठेवायचं नाही.

जुन्या तापाला निदान लस होती,
मीच टोचायचो, दरवर्षी, बर्फाच्या डब्यातून.
याला नाही.
यल्लव्वाला हे तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं की. बहिरी हाय का मी?"

महापालिकेची गाडी फास घेऊन यायची तेव्हा
डुकरं कुणाचीच नसायची.
"मोकाट हायत साहेब," अख्खी गल्ली एका सुरात.
आता भरपाईच्या अर्जात रकाने:
मालकाचं नाव, पासबुक, वजन, ओळखखूण.
चौथ्या रकान्याशी माझं पेन अडलं.
सगळी काळी, सगळी चिखलाची.

"कान बघा," यल्लव्वा म्हणाली.
"डाव्याला खालून काप, ते आमचं.
उजव्याला भोक, विटकरांचं.
दोनी शेंडे उडवलेले, बंदपट्ट्यांचं.
येवढं वाचता येईना, कसले डाक्टर?"
मी वहीच्या समासात कान काढत गेलो,
एकशे सत्तावीस.

त्रेचाळीस अंश. अंगात प्लॅस्टिकचा पांढरा पोशाख,
चष्म्यावर वाफ, बुटात घाम.
जेसीबीनं खड्डा केला, चुन्याच्या गोण्या उतरल्या.
पण आमच्या वासानं डुकरं बाभळीत शिरली
आणि जाळीवाले दमले.
शेवटी तिनंच रिकामी बादली वाजवली,
रोजच्यासारखी हाक दिली:
रा, रा, रा.

आली.

वर्तुळाच्या बाहेर, रस्त्यापलीकडं
तिच्या नणंदेची अकरा उरली आहेत.
दुर्गव्वाला बजावलं: हॉटेलचं खरकटं
उकळल्याशिवाय घालायचं नाही, अर्धा तास, घड्याळ लावून.
घड्याळ नाही तिच्याकडे.
अर्ध्या पिंपात रटरट चालू ठेवून ती शेजारच्या चुलीवर
ज्वारीच्या भाकऱ्या थापते,
विसावी उतरली की पिंपाखालचा जाळ ओढते.
मी गुपचूप मोजलं. एकतीस मिनिटं.
दारात चुन्याची ओळ, तिच्यात पाय बुडवून मगच आत.
मलाही सोडलं नाही.

कार्यालयात यादी संगणकावर चढली.
त्या रकान्यात कान काढता येत नाही.
ऑपरेटरनं विचारलं, काय टाकू?
मग स्वतःच टाकलं, खालपर्यंत ओढत नेलं:
निरंक, निरंक, निरंक.

पैसे जमा झाले का विचारायला गेलो
तेव्हा खोपटं धुऊन उन्हात वाळत होतं.
यल्लव्वानं माझी वही मागितली, समास चाळला,
एका पानावर थांबली.
"ह्यो काप जरा वर पायजे हुता," म्हणाली
आणि माझ्या खिशातलं पेन काढून
नीट केला.