किती पेलतं

सह्या चौदा. प्रत्येक पानाच्या पायथ्याशी एक.
धोक्यांची अकरा पानं,
फायद्याची एक ओळ :
तुम्हाला होईलच असं नाही, पुढच्यांना होऊ शकेल.
सुलक्षा ती ओळ जरा हळू वाचते,
वर न बघता.

बाय, मी तिला म्हणतो, एकतीस वर्षं
सां पेद्रूची फेरीबोट चालवली.
सगळे पलीकडे जायचे. मी कुठे उतरायचो?

औषधाला अजून नाव नाही. तीन अक्षरं, चार आकडे,
बारशाआधीच्या पोरासारखं.
माझ्या जठरातल्याला मात्र आहे नाव,
यकृतावरच्या सात ठिपक्यांनाही तेच.

पद्धत कुणी समजवावी लागली नाही.
आधी तिघांना थोडं. पेललं, तर पुढच्या तिघांना जास्त.
नवी बोट आली तेव्हा आम्ही तेच केलं होतं :
आधी वाळूची पोती, मग पोती आणि दोन जीप,
आणि तांडेल वाकून बघत होता
पांढऱ्या रेघेला पाणी लागायला किती वीत उरलंय.
बोट कुठे नेणार, हा प्रश्न त्या दिवशी नव्हताच.

पहिल्या तिघांतला एक काणकोणचा होता म्हणे.
कसा आहे, विचारलं
तर सिस्टर इडालिना सलाईनची नळी तपासते.

रक्त : एका तासाने, मग दोन, चार, आठ.
वेळापत्रक पाळायची सवय जुनी.
बांबोळीच्या या खिडकीतून झुवारीकडचा उजेड दिसतो,
नदी नाही.

तिसऱ्या आठवड्यात तळपाय सोलले,
प्लेटलेट्स कोसळल्या.
डॉक्टर केंकऱ्यांनी औषध थांबवलं. म्हणाले,
"हा डोस जास्त होतो, हे आता कळलं."
मी मोज्यात पाय घालत होतो.
घालून झाल्यावर विचारलं, लिहिलंत ना नीट?

धक्क्यावर नवा पोरगा गाड्या आत घेत होता,
एक पिकअप, स्कूटरी, दुसरा पिकअप,
वर नारळांनी फुगलेला टेम्पो.
रॅम्प पाण्याला टेकत आला.
माझा हात आपसूक वर गेला.
पोराने मला ओळखलं नाही,
पण साखळी लावली.

टेम्पोवाला काठावरून शिव्या देत राहिला.
सुकांती म्हणाली, तुमचं काय अडलं होतं?
काही नाही, म्हटलं.
सोमवारी पुढचे तिघे येतील.
त्यांना कमी देतील.