खाडे

स्वयंपाकघराच्या दाराशी फळा आहे:
गुरुवार – भांडी – बिर्जेबाई.
मी पुसलेला नाही.

सव्वीस घरं, चूल एक,
जांबोटीच्या अलीकडची आमची समाईक शेती.
रताळी सगळ्यांची, म्हशी सगळ्यांच्या,
आम्ही पोरंही म्हणे सगळ्यांची.
शाळेच्या लांबट खोलीत ओळीनं झोपायचो.
रात्री कुणी रडलं की आधी बाई उठायच्या,
मग आई, तिला कळलं तर.

बाई 'अ' दोनदा शिकवायच्या,
डाव्या अंगाला मराठी, उजव्या अंगाला कानडी.
"तोंड उघडल्याशिवाय दोन्ही येत नाहीत,"
एवढंच व्याकरण.
त्या साली बेळगावात
रातोरात पाट्यांना डांबर लागत होतं.
आमच्या पाटीला खडू.

मग कुणीतरी म्हणालं, बाई, उभ्या राहा.
"उभीच तर आहे की, बावीस वर्षं."

निवडून आल्या.
जीपमध्ये चढताना ओले हात पदराला पुसले.
निंगव्वा धावत आली, "ऊटा आतेन्री?"
नाही म्हणाल्या, आणि तशाच गेल्या.

दिल्लीत काय बोलल्या, मला नीट माहीत नाही.
रेडिओवर एकदा नाव आलं, खरखरीतून.
पेपरात एकदा फोटो,
बोटांना खडू नव्हता,
ओळखायला वेळ लागला.
सीमेचं विचारलं तेव्हा म्हणाल्या म्हणे,
पोरं भांडतात कुठल्या भाषेत, ते आधी ऐका.
इकडचे चिडले. तिकडचेही.

गुरुवारची भांडी मी घासली.
खाड्याला एक रेघ, पाचवी आडवी,
मोजणं त्यांनीच शिकवलेलं.

दुसऱ्या खेपेला पडल्या.
परत आल्या तो मंगळवार.
पिशवी खांद्यावरच, फळ्यापुढे उभ्या,
ओठांत मोजत.
"दोनशे चौदा?"
माझ्याकडे बघितलं नाही.

तोवर घरोघर चुली पेटल्या होत्या.
अकरा घरं उरलेली पंगतीला,
लांबट खोलीत रताळ्यांची पोती,
पोरं आपापल्या आईच्या कुशीत.
मोरीवर बसून त्या म्हणाल्या,
"भांडीच थोडी राहिली गे."
तरी रोज घासायच्या, वार न बघता,
आणि रोज एक रेघ बोटानं पुसायच्या.

गेल्या तेव्हा सदतीस शिल्लक होत्या.

माणसं आली, दोन भाषांत भाषणं झाली,
कुठली आधी, यावर थोडं वाजलंही.
मी मागे होते. मोठी पातेली बाहेर काढलेली,
खूप लोक जेवले त्या दिवशी.
सगळी घासली.
रेघ पुसली नाही एकही.
गुरुवार नव्हता.