टक्

मुर्तोझात चढ नाहीत.
खाडी, मिठागरं, खांबाखांबावर करकोच्यांची घरटी,
आणि जो तो सायकलवर.
फक्त कालव्यावरचा पूल थोडी पाठ वाकवतो,
आणि तिथेच, पहाटे पाचला,
पावांनी भरलेल्या टोपलीखाली कुठंतरी
ती म्हणायची: टक्.

दर फेरीला एकदा. उजवा पाय खाली जाताना.
सपाटीवर गप्प. उतारावर गप्प.
वर्षानुवर्षं चालवून घेतलं,
यंदा मात्र डोक्यात गेलं.

अल्बानोच्या दुकानात उलटी टांगली की
पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी शहाणी.
तो म्हणाला, पेडल. पेडल बदललं.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
मग म्हणाला, मधला ॲक्सल.
छर्रे मोजले. बावीस होते, बावीस निघाले.
मग साखळी. ती रात्रभर रॉकेलमध्ये झोपली.
सकाळी पुलावर: टक्.

किल्ल्यांचा जुडगा घरी ठेवला.
बुटाची नाडी आत खोचली.
कान हँडलला लावून चालवताना
समोरून पाद्री आले, त्यांनी छातीवर क्रूस काढला.
एकदा तर वाटलं, माझा गुडघाच नसेल?
एकावन्न वर्षांचा आहे,
त्यालाही बोलायचा हक्क आहे.

गुरुवारी, पुलावर, उशीर झाला म्हणून
उभी राहून पेडल मारलं,
आणि काही नाही.
बसले: टक्.
उठले: काही नाही.
मागे फिरून पूल पुन्हा चढले, पुन्हा,
बसत, उठत,
पाव थंड होत गेले, कुणीतरी खिडकीतून ओरडलं.

सीटचा दांडा उपसला.
नळीच्या तोंडाशी, गंजाच्या रेघेवर, मिठाचे कण,
खाडीच्या वाऱ्यानं भरलेले.
फडकं. ग्रीसचं एक बोट.
एवढंच होतं.

शुक्रवारी पूल कधी गेला कळलं नाही.
उतरल्यावर पहिलं दार एव्हारिस्तोचं.
डोळे गेल्यापासून तो जाळी बोटांनी दुरुस्त करतो,
आणि मी कडीला पावांची पिशवी अडकवायच्या आत
आतून आवाज येतो, "बों दिया, ग्रासिंडा."
अकरा वर्षं. एकदाही चुकला नाही.

त्या दिवशी त्याची सुई थांबली.
"कोण आहे?"

मी नाव सांगितलं.
"नाव ठीक आहे," तो म्हणाला,
"सायकल कुणाची आणलीस?"

काय सांगणार. हसले,
तर हसणंही त्यानं जरा तपासून घेतलं.

रविवारपासून मागच्या मडगार्डमध्ये
काहीतरी कुजबुजायला लागलंय.
स्क्रू असेल. नाहीतर वायसर.
पाना खिशातच आहे.
अजून काढलेला नाही.