टोपण

पिपर्ड्याच्या दवाखान्यात लॅब म्हणजे
आधीची टायरं ठेवायची खोली.
उन्हाळ्यात अजून रबराचा वास सुटतो,
कितीही फिनाईल मारा.
नऊ वर्षं इथं मी लोकांची थुंकी काचेवर पसरते,
लाल रंग ओतते, दिव्यावर शेकते,
आणि एक वाजला की डबा उघडते.

हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं पोस्टर
बेसिनवर मीच चिकटवलंय.
बेसिनला पाणी फेब्रुवारीपर्यंत.
मग सुकरू मडावी बोअरिंगवरून बादली आणतो,
मग्ग्यानं ओततो, मी चोळते,
आणि तिसऱ्या पायरीला त्याचा फोन वाजतो.

सुकरू तसा स्वच्छ माणूस.
फक्त खर्रा घोटताना ग्लोव्ह काढत नाही.
"हात खराब होते न, मॅडम."
मी ओरडले.
दुसऱ्या दिवशी त्यानं नवे ग्लोव्ह घातले.
खर्ऱ्यासाठी.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सिकलसेलची रक्तं,
वरच्यात कोडापे सिस्टरचं दही.
मधे मी लाल पट्टी लावली, सीमारेषा म्हणून.
लाईन गेली की दोन्हीकडचं
सारखंच नासतं.

एकदा लघवीचा नमुना आला देशीच्या पव्व्यात,
लेबलासकट.
खिडकीत ठेवला होता.
सुकरूनं टोपण काढून वास घेतला.
तेव्हापासून त्याचं पिणं कमी झालंय म्हणे,
बायको सांगते त्याची.

हे सगळं मी ब्रह्मपुरीच्या ट्रेनिंगला सांगते.
लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसतात.

माझं सांगत नाही.

माझं म्हणजे निळा पेन.
टोपण चावून चावून पांढरं पडलेलं.
त्याच पेनानं डबीवर नंबर टाकायचा,
आकडा आठवेना की तोच दातांत.
शाळेतली खोड, गणिताच्या तासाची.
किती डब्या, किती वर्षं,
हिशेब नाही.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत
सायत्राबाई रामटेके आल्या.
तीन आठवड्यांचा खोकला.
सकाळची थुंकी, डबी पळसाच्या पानात गुंडाळलेली,
वर दोऱ्याचे दोन वेढे,
जसा कोणी प्रसाद बांधतो.
मी हात पुढं केला. उघडाच.
ग्लोव्ह ॲप्रनच्या खिशात होते.

त्यांनी डबी हातात दिली नाही.
टेबलाच्या पार टोकाला ठेवली
आणि दोन पावलं मागं सरल्या, पदर तोंडावर.
"हात नोको लावू, बाई. माह्यावालं लागन तुले."

वस्तू अशी दुरून ठेवायची,
ठेवून मागं सरायचं,
हे त्या कोणाच्या दारात शिकल्या असतील
ते मी विचारलं नाही.
मान खाली घालून नंबर टाकला, एकशे बारा,
आणि पेन आपोआप वर गेला.

"अन् हे का करून राह्यली?" त्या म्हणाल्या.
"पोट्टी हायेस का तू?"

दुपारी भिंगाखाली निळ्यावर लाल काड्या.
मोजायची गरजच नव्हती.
मी तोंड धुतलं, बादली संपेपर्यंत,
जणू नऊ वर्षं एका बादलीत निघतात.
मग महिनाभर स्वतःचा प्रत्येक खोकला
कान देऊन ऐकला.
तूर झाडायच्या धुळीचा होता तो.
निदान काचेनं तरी तसंच सांगितलं.

तान्ह्या पोळ्याला सायत्राबाई पुन्हा आल्या,
गोळ्या संपवून, अंगानं थोड्या भरलेल्या.
रजिस्टरात सही करायला पेन मागितला.
आधी टोपण उजेडात धरून निरखलं,
मगच सही केली.
सावकाश, पूर्ण नाव.

आता पेन सुतळीनं टेबलाला बांधलाय.
सुतळी मुद्दाम आखूड ठेवलीय,
तोंडापर्यंत पोचत नाही.
त्यासाठी वाकावं लागतं.

परवा रक्ताच्या पेशी मोजताना
मी वाकलेलीच होते.
दारात सुकरू. गालात खर्रा, हातात बादली.
त्यानं पाहिलं.
बोलला काहीच नाही.
होती ती बादली रिकामी करून
दुसरी भरायला गेला.