पडदा

मार्केट यार्डाच्या गेटसमोर माझा स्टुडिओ.
हमालांच्या बिल्ल्याचे फोटो, आठ कॉपी, अर्ध्या तासात.
मागे पांढरा पडदा.
टेकू नका म्हटलं तरी
दमलेला माणूस टेकतोच.
म्हणून दर सोमवारी तो परटाकडे,
हळद काढायला.

सुट्टीला मी कासला जायचो.
फुलांपुढे पोटावर झोपायचो,
शेजारी आणखी चाळीस जण, पोटावरच.
आयर्विन पुलाखालचा सूर्यही आणला घरी.
बायको म्हणाली, छान आलाय,
कॅलेंडरसारखा.
त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग तो आठवडा, परीट आलाच नाही.
बाबालाल नदाफ फोटो काढून उठला
आणि मी स्टुलाकडे बघत राहिलो.
मागे कापडावर
खांद्यांच्या उंचीला पिवळं,
एकावर एक चढलेलं,
माझ्या डावीकडे जास्त गडद:
त्यांचा उजवा खांदा, पोत्याचा.
इठाबाईचा डाग पार खाली,
एकटाच.

दिवे चालूच होते.
रिकाम्या स्टुलावर क्लिक केलं.
हात हलला, फोटोही जरासा हललाय.

पैसे द्यायला बाबालाल वळला.
"आता कुनाचा काढला?"
तुमचाच, म्हणालो.
कॅमेऱ्यामागच्या काचेत
तो बराच वेळ वाकून बघत राहिला,
मग उजव्या कडेच्या एका फिकट डागावर
नख ठेवून म्हणाला,
"ह्यो मी न्हवं.
ह्यो पांडबा सनदे. डावरा हुता."

पडदा अजून धुतलेला नाही.
पासपोर्टवाले कुरकुरतात.