काटा

बांबोळीला त्यांनी मला एका पाटावर निजवलं.
वरून एक दांडा सरकत गेला कमरेवरून मांडीपर्यंत,
हळू, जसा मी पन्नास वर्षं
लोकांच्या घड्याळांवरून भिंग सरकवत आलो
म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागच्या गाळ्यात.
आत काय झिजलंय ते न उघडता कळतं म्हणे.
मला नाही जमलं कधी. मी उघडूनच बघायचो.

उणे दोन पॉइंट नऊ.
डॉक्टर लवंदे, माझ्या नातीच्या वयाची,
कागदावर बोट ठेवून म्हणाली, आजोबा, चाळण झालीय.
पडायचं नाही. ओल्या न्हाणीत जपून.
सकाळचं ऊन घ्या, नाचणी खा, गोळी रविवारी उपाशीपोटी,
आणि बारीक मासे.
काट्यासकट.

काट्यासकट!
सहाव्या वर्षी पेडव्याचा काटा घशात अडकला होता माझ्या.
आईनं कोरड्या भाताचे मुटके गिळायला लावले,
आणि तेव्हापासून माझ्या ताटातला काटा
आधी तिनं काढला, मग शालननं.
सत्तेचाळीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून
ताटाच्या कडेला काट्यांचं कुंपण घालत आली.
त्या कुंपणावर आमची मांजरं वाढली.
शिरसईत त्यांच्यासारखी तगडी मांजरं नाहीत,
आठव्या वर्षीसुद्धा कौलांवरून उडी मारतात
आणि काही मोडत नाही त्यांचं.

आता शालन पेडवे सकाळीच चुलीवर ठेवते,
मातीच्या कुणल्यात, सोलं, तिरफळ, नावापुरतं तेल,
आणि आच इतकी मंद
की दुपारी काटा बोटांत घेतला तर पीठ होतो.
चाव, म्हणते. मी कवळी सावरून चावतो,
डोळे मिटून, सहा वर्षांच्या पोरासारखा.
सोमवारी नाही, संकष्टीला नाही, श्रावणात तर नाहीच.
मग गूळ घातलेलं तिझन, मग तिळाची चटणी,
मग सोप्यावर ऊन येईल तिथे तिथे
माझी खुर्ची सरकवणं, सुकत घातलेल्या सोलांसारखं.
शेजारचा फटू गावकर विचारतो, शंभर करणार काय रे?
मी म्हणतो, ऐंशीला किल्ली देऊन बघू आधी.

भिंतीवरचं घड्याळ आठ दिवसांच्या किल्लीचं.
ती किल्ली शालनचं काम.
मी दिवसभर परक्यांची घड्याळं हाताळून दमायचो,
घरच्याला हात लावत नसे.
दर रविवारी ती उभी राहायची, टाचाही न उचलता,
अकरा फेरे, मग पदरानं काच पुसायची.

गेल्या रविवारी तिनं स्टूल आणलं.

मी उन्हात होतो. पोटात गोळी, हातात पेपर.
बघितलं आणि आधी वाटलं, भिंत वाढली.
मग आठवलं, फळीवरचा मिठाचा डबा कधीच खाली आलाय,
वलीवरचे कपडे ती काठीनं काढते,
लग्नातलं पोलकं खांद्यावरून ओघळतं,
आणि हे सगळं माझ्यासमोर,
सेकंद काट्यानं नाही, तास काट्यानं झालं.
तास काटा हलताना कुणाला दिसतो?
मला दिसायला हवा होता. धंदाच तो होता माझा.

तुझं कधी तपासलंय, विचारलं.
मला काय धाड भरलीय, म्हणाली,
आणि स्टुलावरून उतरली,
एक पाऊल, थांबून दुसरं.

दुपारी ती आंघोळीला गेली तेव्हा
घड्याळ उतरवलं, खिळा उपटला,
चार बोटं खाली ठोकला.
हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मनगट कुरकुरलं, मोडलं नाही.
वर जुन्या जागेचा फिकट चौकोन राहिला,
तो कसा झाकायचा सुचलं नाही.

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.
वाकडं लागलंय, म्हणाली.

मंगळवारचा नंबर लावलाय बांबोळीला, तिच्या नावावर.
अजून सांगितलेलं नाही.
आज ताटात सहा पेडवे होते,
तीन उचलून तिच्या भातावर ठेवले, सगळे,
डोक्यासकट, काट्यासकट.
मांजर दाराशी येऊन बसलं,
आणि आम्हा दोघांकडे पाहत राहिलं, दगा झाल्यासारखं.